इक्बालची गाडी आज माझ्या नावावर झाली

मैत्रिणींनो, आत्ताच इथे बहरीनमध्ये सनदला घरी पोचले. आमची गाडी खाली उभी आहे, बहरीनची नंबरप्लेट लावून.

माझे मिस्टर इक्बाल सौदीत दम्मामला नोकरीला होते. दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रावरचा पूल ओलांडून ते याच गाडीने घरी यायचे. रमजानच्या आधी ते गेले आणि गाडी तिकडेच अडकली. वारसाची कागदपत्रं, कस्टम, सगळी धावपळ माझे दीर सलीमभाईंनी केली. काल त्यांनी गाडी इकडे आणली.

आज तपासणी झाली, सौदीची प्लेट निघाली. तोवर मी धीराने उभी होते. मग चावी घेऊन आत बसले, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट इक्बालच्या उंचीला लावलेली होती. ती पुढं ओढायला माझा हात उचलेना.

सलीमभाई खिडकीशी वाकून म्हणाले, "भाबी, मीपण अवघडून तशीच चालवत आणली. सीटला हात लावायचं धाडस झालं नाही. पण आता तुम्हालाच चालवायची आहे."

मी सीट पुढं ओढली. रडू आलं ते तेव्हा. थोड्या वेळाने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

गेलेल्या माणसाची गाडी तुमच्यापैकी कोणी चालवतं का? पहिल्यांदा बसताना तुम्ही काय केलंत?