प्रफुलचा गाळलेला शेवट

प्रफुल गेल्याचा फोन आला तेव्हा मी सानगडीच्या बाजारात भाजी घेत होते. माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. किडनीच्या आजाराने नागपूरला दवाखान्यात होता, पण बरा होऊन घरी येईल असंच आम्ही धरून चाललो होतो... महिना उलटला तरी मला रडू येत नाही, संतापच येतो. तो का येतो हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

मोबाइलमधली अ‍ॅप कशी दिसावीत, कशी चालावीत हे ठरवणं प्रफुलचं काम. त्याची पद्धत अशी, की आधी एक माणूस रचायचा आणि मग त्याची गोष्ट. एकोडीला घरी आला की तांदूळ निवडत बसलेल्या मावशीपुढे, म्हणजे त्याच्या आईपुढे, तो सुरू व्हायचा. "सीतारामले ताप आला. त्यानं फोन उघडला. हे बटन दाबलं." मावशीने "मंग?" म्हटलं की स्वारी खूश. तिने "काहून दाबलं?" असं कारण विचारलं की तो स्क्रीन मोडून पुन्हा मांडायचा. पगार याला आणि डोकं मावशीचं, असं आम्ही त्याला चिडवायचो.

पुढे नागपूरच्या एका खासगी दवाखान्याचं अ‍ॅप त्याच्याकडे आलं. सीताराम तपासण्या करत, गोळ्या घेत छान चालला होता. मावशीने सूप खाली ठेवलं. "अन् तो मेला तं?" मग प्रफुलने तो शेवटही लिहिला. घरच्यांनी एकदा कळवायचं, सांत्वनाची एक ओळ यायची आणि त्यानंतर एकही संदेश नाही. त्याच्या साहेबांनी नेमकं तेवढंच गाळलं. दवाखान्याच्या अ‍ॅपमध्ये मरण दिसलं तर गिऱ्हाईक बिथरेल म्हणे. सीतारामची बाकीची गोष्ट मात्र रंगीत चित्रं काढून दवाखान्यापुढे सांगितली आणि वाहवा मिळवली. "ताई, त्यायले गोष्ट पायजे," प्रफुल मला म्हणाला होता, "माणूस नाही पायजे."

नंतर तो स्वतःच त्या दवाखान्यात दाखल झाला. सोबत मावशी, म्हणून अ‍ॅप तिच्या फोनमध्ये घेतलं. तो गेल्यावर कंपनीने शोकसभा ठेवली. तेच साहेब उभे राहिले आणि "प्रफुलने आम्हाला माणसाच्या नजरेने पाहायला शिकवलं," म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "मग त्याचा शेवट काहून गाळला?" मी उठून विचारलं. तेवढ्यात चहा आला.

गेल्या रविवारी एकोडीला गेले होते. मावशीचा फोन वाजला. "प्रफुल, उद्या तुमची तपासणी आहे." खाली दोनच बटणं, 'येतो' आणि 'नंतर येईन'. मी फोन ओढून घेतला. हे आत्ताच काढून टाकते, म्हणाले.

"राहू दे बाई," मावशीने माझा हात धरला. "त्याच्या हातचं आहे ते."

तिने फोन परत घेतला आणि 'नंतर येईन' दाबलं. बोट जराही अडखळलं नाही.