लातूरच्या घागरी

आमच्या गल्लीत लोकांना नावं ठेवणारे पुष्कळ. नावं घालणारा मी एकटा. नांदेडच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून सव्वीस वर्षं मी छिन्नी-हातोडीने भांड्यांवर नावं कोरतो आहे. माझा प्रवास म्हणजे घर ते ओटा आणि ओटा ते घर. त्यामुळे वाचनालयाच्या मंडळींनी हस्तलिखित अंकासाठी "लातूरला गेलात ते लिहा" असा आग्रह धरला तेव्हा मला हसूच आलं. ना डोंगर, ना समुद्र, आणि वाटेतल्या एकाही नदीला पाणी नाही! पण लिहितो, कारण तिथे जे पाहिलं ते पोटात ठेवण्यासारखं नाही.

लातूरच्या बाजारात स्फोट झाला, पिशवीत बाँब होता, हे आपण सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. माझी धाकटी बहीण शकू तिथेच दिलेली. फोन लागायला दोन दिवस गेले. दाजी (बहिणीचे यजमान) बाजारात गेले होते. पाठ आणि दोन्ही पाय भाजले होते. "दादा, ये," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. बायकोने भाकरी-चटणी बांधून दिली, फिरकीचा तांब्या काठोकाठ भरला आणि बजावलं, "तिकडं पाणी न्हाई म्हणतात, जपून प्या." मी सवयीने हत्यारांची पिशवीही खांद्याला लावली. का लावली, ते मलाही सांगता येणार नाही.

लोहा सोडलं आणि दुष्काळ खिडकीतून दिसायला लागला. काळी रानं भेगाळलेली, बाभळींवर धूळ, आणि गावोगाव विहिरीपासून रस्त्यापर्यंत घागरींची रांग. माणसं लिंबाखाली बसलेली, नंबर मात्र घागर सांभाळते. शेजारच्या बाईने समजावलं, "घागर हालली की भांडण. मानूस हालला तर चालतंय."

अहमदपूरला पोलिसांनी गाडी अडवली. स्फोटानंतर जागोजाग तपासणी चालू होती. हवालदाराने माझी पिशवी उघडली आणि आतल्या अकरा छिन्न्या नि हातोडी बघून एक पाऊल मागे सरला.

"हे काय हाय?"

"नावं घालतो, साहेब."

"कुनाची?"

"ज्याचं भांडं त्याची."

मला खाली उतरवलं. कंडक्टर कुरकुरला, गाडीतले लोक माना बाहेर काढून बघायला लागले, आणि माझ्या कपाळाला घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, तुमचा जेवणाचा डबा आणा. तिथेच मैलाच्या दगडावर बसून त्याचं नाव झाकणावर घालून दिलं. त्याने ते उन्हात धरून वाचलं, दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "बरं झालं बगा. चौकीत समद्यांचे डबे सारखेच. रोज दुसऱ्याचं दोडकं खावं लागतंय." गाडी सुटली तेव्हा त्याने मला सलाम ठोकला. कंडक्टरनेही नंतर पाण्याचा गडू पुढे केला, पण धावत्या गाडीत नाव घालायला मी काही जादूगार नव्हे.

लातूरच्या वेशीवर 'जिल्हा लातूर' अशी पाटी होती. जिल्हा होऊन थोडीच वर्षं झालेली, पाटीचा रंग अजून ताजा. खाली मात्र गाव तहानलेलं. स्टँडवरच्या रिक्षावाल्याने दवाखाना म्हटल्याबरोबर मला बसवलं आणि भाडं घ्यायचं नाकारलं.

"म्या रगत द्यायला गेलतो," तो म्हणाला. "डाक्टर म्हनला, बाबा, तुज्यातच कमी हाय. मंग काय करावं? म्हनून ह्ये करून राहिलो."

बाजारातून जाताना दुकानदार आपापल्या दारापुढच्या काचा झाडत होते. एका लिंगायत वाण्याच्या दुकानाचं दारच उडालं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला तो गृहस्थ उघड्या दुकानातच चूल मांडून जखमींच्या नातेवाइकांसाठी डाळभात शिजवत होता. त्याने रिक्षा थांबवली आणि मला हाताला धरून बसवलं. भातात खडे होते, पण इतक्या मनापासून वाढलेला भात मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

दवाखान्यात दाजी पालथे निजले होते. मला पाहून म्हणाले, "दादा, मेथीची जुडी घ्यायला वाकलो म्हणून तोंड वाचलं." शकू हसलीही नाही. तिने मला व्हरांड्यात नेलं आणि खरी अडचण सांगितली.

दवाखान्याची विहीर आटलेली. स्फोटाच्या दिवशी भाजलेली माणसं आली आणि धुवायला पाणी नाही, हे कळताच गल्लीगल्लीतून बायका आपापल्या घागरी घेऊन धावल्या. भरलेली ठेवायची, रिकामी न्यायची, अशी रीत पडली. दोन दिवस व्हरांडा घागरींनी भरला. तिसऱ्या दिवशी भांडणं लागली. कोणी लग्नातली तांब्याची ठेवली तर तिच्या वाट्याला पत्र्याची आली, कोणाची पितळी गेली ती आलीच नाही. ही गल्ली म्हणे त्यांनी नेली, ती म्हणे यांनी. आज घागरी आल्या होत्या मोजून नऊ.

"परवा सकाळी पट्ट्या बदलायच्या आहेत," शकू म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, जखमा धुतल्या नाहीत तर चिघळतील. नऊ घागरींत सतरा माणसं कशी धुवायची, दादा?"

व्हरांड्यात एक म्हातारा न बोलता घागरी ओळीत लावत होता. इस्माईलचाचा, गावातला कल्हईवाला. शकूने खालच्या आवाजात सांगितलं, त्याची बायको सुग्राबी बांगड्या विकायची. ती त्या स्फोटात गेली. तिला माती देऊन तो घरी गेला, तिची घागर उचलली आणि ती भरून इथे आला. तेव्हापासून इथेच आहे.

माझ्या डोक्यात लगेच लख्ख उजेड पडला. अहो, भांडणाचं मूळ काय? घागरीवर नाव नाही! आणि नाव घालणारा तर पिशवीसकट हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यातच बैठक मांडली. पहिल्या दोन घागरींवर त्या आणणाऱ्या बायांच्या नवऱ्यांची नावं विचारून कोरली. तिसरी बाई दारातूनच माझ्याकडे बघत राहिली, घागर कमरेवर आवळली आणि पाण्यासकट परत फिरली. तिच्यामागच्या दोघीही वळल्या. तासाभरात गावभर झालं की दवाखान्यात घागरींवर नावं घालून त्या जमा करून घेतायत.

मी कपाळाला हात लावला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! माझ्यामुळे नवाच्या सहा झाल्या. शकू माझ्याकडे बघेना.

चाचा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "नांदेडवाले, तुम्ही नाव घालता, पण लोकं वाचतात कसं, ते ठाऊक न्हाई तुम्हाला."

"म्हणजे?"

"मठात हंडा हाय, त्याच्यावर नाव हाय. मशिदीत लोटे हायत, त्याच्यावर बी नाव हाय. चार माणसांच्या जागेत नाव घातलं म्हंजे खैरात झाली. ते भांडं परत घरी येत न्हाई. घरचं नाव घरच्या उंबऱ्यात घालायचं असतं. चला, उठा. मी येतो संगं. तीस साल ह्या बायांची भांडी कल्हई केली मी."

सव्वीस वर्षं त्याच धंद्यात असून ही गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही निघालो. त्या दिवशी मी लातूर पाहिलं ते उंबऱ्यांवर बसून. चाचा दारात उभा राहून आवाज द्यायचा, बाई त्याला पाहून पदर सावरत बाहेर यायची. गावात सगळ्यांना त्याचं दुःख माहीत होतं. त्याच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण घागर पुढे करताना हात मात्र आखडत होते.

एका दारात मी नेहमीसारखं विचारलं, "मालकाचं नाव सांगा."

ती तिशी-पस्तिशीची, दणकट बाई. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मालक आनतो का पानी? शेंदते (दोरीने ओढते) म्या, डोक्यावर आनते म्या, आन् नाव मालकाचं? माझं घाल."

"बरं. काय नाव?"

तिने कमरेवरचे हात काढले. मग एकदम हसली. "मंदोदरी. लई वर्सं झाली, कुनी हाकच मारली न्हाई. समदे राजूची माय म्हंतात."

मी 'मंदोदरी' कोरलं. तिने घागर उचलून शेजारणीला दाखवली, शेजारणीने तिच्या जावेला, आणि मग काय विचारता! माझ्याभोवती घागरींची रांग लागली. आपलं नाव असलेली घागर कोण कशाला सोडेल, आणि दुसरीचं नाव असलेली कोण नेईल? एका सासूने "मुलाचं नाव घाला" म्हटलं तर सुनेने तिच्यादेखत घागर ओढून घेतली. एक महादेवी नावाची म्हातारी विचार करत बसली, "कंचं घालू? म्हायेरचं का सासरचं?" शेवटी माहेरचं घातलं, आणि लिंबाखाली बसून ती त्यावरून बोट फिरवत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत माझी बोटं सुजली. शेवटच्या दारात मी म्हटलं, "आता नाही होत." चाचा म्हणाला, "अजून चार घरं. हातोडी माझ्याकडं द्या, तुम्ही छिन्नी धरा." तशी चार घरं केली.

सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. रस्ता रिकामा होता. शकू दोनदा दारापर्यंत येऊन गेली. मग वळणावर मंदोदरी दिसली, आणि तिच्यामागे बायकाच बायका, या गल्लीच्या आणि त्या गल्लीच्याही. व्हरांडा भरला, मग पायऱ्या भरल्या. रिकाम्या नेताना प्रत्येकीला आपलं नाव दुसरी कोणी वाचून दाखवत होती. भांडण एकच झालं, ते दोन कलावतींचं, आणि ते मी एकीपुढे टिंब देऊन मिटवलं.

चाचा सगळ्यांत शेवटी आला. त्याने घागर माझ्यापुढे ठेवली. तांब्याची, चिंचेने घासून लख्ख केलेली.

"हिच्यावर राहिलं," तो म्हणाला.

"तुमचं घालू?"

"तिचं घाला. सुग्राबी." मी छिन्नी काढली तसा तो पुढे म्हणाला, "रांगेत तिचाच नंबर चालवतो मी. बाया इचारतात, कुनाची घागर? रोज सांगावं लागतं. सांगताना लई जड जातं. आता घागर सांगेल."

सव्वीस वर्षांत माझं अक्षर कधी वाकडं गेलं नव्हतं, ते तेव्हा गेलं. 'ग्रा' जरासा कलला. मी ओशाळून सांगितलं, दुरुस्त करतो. चाचाने अक्षरांवरून अंगठा फिरवला. "राहू द्या. ती बी थोडी कलूनच चालायची."

दाजींच्या जखमा सुग्राबीच्या घागरीतल्या पाण्याने धुतल्या. शकूने तीच निवडली. पाणी उकळून निववलेलं, तरी दाजी गुरासारखे ओरडले, नंतर मला म्हणाले, "दादा, बाहेर कुणाला सांगू नका." मी बाहेर गेलो तो माझे स्वतःचे डोळे पुसायला. डॉक्टर म्हणाले, जखमा स्वच्छ आहेत.

आणखी दोन दिवस राहून मी परतलो. अहमदपूरला तोच हवालदार भेटला; आता रोज स्वतःचाच डबा हाताला लागतो म्हणाला. आमचं नांदेड गोदावरीकाठचं, पण तिचीही वाळूच वर आलेली. स्फोट करणारा कोण, त्याला काय हवं होतं, ते मला ठाऊक नाही. त्याने पिशवी ठेवली तेव्हा त्याला वाटलं असेल, हे गाव आता एकमेकांकडे संशयाने बघत बसेल. घागरींवरून तसं होऊ लागलंही होतं. ते उंबऱ्याउंबऱ्यावर बसून निस्तरावं लागलं.

घरी आलो. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यावर माझ्या वडिलांचं नाव. फडताळातली सगळी भांडी काढून बघितली. माझं नाव, मामांचं नाव, व्याह्यांचं नाव. तिचं एकावरही नाही. मी पिशवी उघडली आणि विचारलं, "सुलोचना घालू?"

"ते तुम्ही लग्नात ठेवलेलं," ती म्हणाली. "घालायचंच तर चंद्रकला घाला. आणि ठळक घाला."

काल शकूचं पत्र आलं. दाजी काठी टेकत घरात फिरतात. पाऊस अजून नाही, विहीर कोरडीच आहे, घागरी येतात. आणि रोज सकाळी व्हरांड्यात पहिली असते ती सुग्राबीची.