पंजाबरावानं मागून आणलेली कुस्ती

पंजाबराव बढाईखोर होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं कोणी म्हणायला नको की आपल्या माणसाचं लपवलं. पण बढाई मारणारा माणूस सगळाच्या सगळा खोटा असतो, असंही नाही बरं का.

कारंज्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात त्याची उमर गेली. त्याआधीची जवानी गेली कुस्तीत. कामरगावच्या आसपास जत्रेची दंगल कुठंही भरो, हा लंगोट घेऊन हजर. फार मोठा पहिलवान होता असं नाही, पण त्याच्याबद्दल एक गोष्ट त्याचे वैरीसुद्धा मान्य करायचे. पंजाब ठरवून पडत नाही. एकदा जत्रेच्या पुढाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, अनसिंगच्या उदयसिंगासमोर जरा सैल लढ, लोकांना त्याचाच जय पाहिजे. पंजाबरावानं ऐकून घेतलं, हात जोडले, आणि मग उदयसिंगाला दिवस बुडेपर्यंत जागचं हलू दिलं नाही. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. उदयसिंगाला मागाहून सगळं कळलं तेव्हा त्यानं येऊन मिठी मारली, आणि दोघांची दोस्ती झाली ती झालीच.

असा माणूस. आणि त्याच माणसानं म्हातारपणी काय करून ठेवलं, ते ऐका.

त्याला एक मुलगी, पौर्णिमा. तिला त्यानंच वावराच्या मातीत कुस्ती शिकवली. पोरगी चांगली तयार झाली, पण नोकरी काही लागेना. मग कोणाच्या तरी ओळखीनं उत्तरेकडं गेली. तिकडं एक कंपनी आहे, कुस्तीचे खेळ करते. दोरांनी बांधलेला चौकोनी मंच, डोळे दिपवणारे दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी. पहिलवान तोंडं रंगवून येतात, एकमेकांना शिव्या देतात, उचलून आपटतात. पौर्णिमाला तिथं 'बिजली' नाव मिळालं. मग तिनं किताब जिंकला. सोनेरी ताटाएवढी चकती लावलेला रुंद पट्टा तिनं घरी पाठवला. पुढं दुसरा जिंकला, तिसरा, चौथा. तिच्या आईनं, दुर्गाबाईनं, ते चारही पट्टे बुद्धाच्या मूर्तीखाली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ओळीनं लावले. बघायला बाया यायच्या. दुर्गाबाई पट्टा पुसून हातात द्यायची आणि म्हणायची, "सांभाळून व माय, जड हाये."

आता खरं सांगायचं तर पंजाबरावानं पहिल्याच किताबाचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला आणि लगेच ओळखलं. जन्मभर मातीत लोळलेला माणूस तो. त्याच्या डोळ्याला काय दिसायचं राहतंय? समोरची बाई पौर्णिमानं उचलायच्या आधीच उडी मारत होती. पडताना हात आपटून आवाज काढत होती. सगळं ठरलेलं होतं, पडणारी आणि पाडणारी दोघींनी मिळून केलेलं होतं. व्हिडिओ संपला तेव्हा दुर्गाबाईनं विचारलं, "जिंकली ना?" आणि पंजाबराव म्हणाला, "जिंकली."

बस. तिथून सुरू झालं. तो पेढे घेऊन स्टँडवर गेला, जीपवाल्यांना वाटले, सलूनवाल्याला वाटले. लोक पाठीवर थाप मारायचे आणि याची छाती फुगायची. लाज वाटायची आणि छातीही फुगायची, आता या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदतात ते तुम्हीच समजून घ्या. संध्याकाळी वंदनेला बसला की खोटं न बोलण्याच्या शीलापाशी त्याचा आवाज बारीक व्हायचा. दुर्गाबाईला वाटायचं, घसा बसला. पौर्णिमा फोनवर कधी त्या कुस्त्यांचं काही बोलायची नाही, आणि हाही विचारायचा नाही. बापलेक दोघंही एकाच गोष्टीच्या बाजूबाजूनं चालत होते.

यंदाच्या जत्रेआधी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला. कृषी केंद्रवाला गणेश हसत म्हणाला, "पंजाबभाऊ, राग नका मानू, पण ते सारं नाटक असते म्हन्तात. ठरवून पाडतात."

तिथंच विषय संपवता आला असता. "असंन बापा" म्हणून चहा प्यायला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! पंजाबरावाचं टाळकं सरकलं. कोणी खोटं बोललं की माणूस एवढा नाही चिडत, खरं बोललं की चिडतो.

"नाटक?" तो ओरडला. "लाव ना मंग कुस्ती! जत्रेत लाव! कोनासंगं बी लाव माह्या पोरीची!"

टपरीवरची माणसं खूश. जत्रा कमिटीवाले तर टपूनच बसले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोर्ड लावला. शेवटची कुस्ती, चांदीच्या गदेसाठी, बिजली पौर्णिमा विरुद्ध अनसिंगची ज्योत्स्ना. ज्योत्स्ना म्हणजे शेतकऱ्याची पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, आणि या हंगामात एकही कुस्ती न हरलेली. तिचा उस्ताद कोण? तर उदयसिंग.

पंजाबरावानं पोरीला फोन केला. तिनं फक्त तारीख विचारली. मग म्हणाली, "बरं बाबा. येतो मी."

तिच्या त्या एवढ्याशा बोलण्यानं याचा जीव अर्धा झाला. वर्षानुवर्षं लाकडी मंचावर खोट्या उड्या मारलेली पोरगी, मातीत त्या ताज्या पोरीसमोर काय टिकणार? ती हरणार, सगळा गाव बघणार, गणेश दात काढणार, आणि दुर्गाबाई त्या पट्ट्यांकडं बघून विचारणार, मग हे काय होतं? पोरीची अब्रू जाईल, असं तो स्वतःला सांगत होता. स्वतःच्या अब्रूचं नाव मात्र तो घेत नव्हता.

आणि एका सकाळी तो जीपनं निघाला, गाडी बदलून अनसिंगला गेला, उदयसिंगाच्या दारात.

उदयसिंगाला आनंद झाला. खाट टाकली, तब्येतीचं विचारलं, ज्योत्स्नाला चहा आणायला सांगितलं. ती आखाड्यावरून नुकतीच आली होती, दंडाला अजून माती होती. पंजाबराव पावसापाण्याचं बोलला, सोयाबीनच्या भावाचं बोलला, आणि मग जे बोलायला आला होता ते मान खाली घालून बोलला.

उदयसिंग ऐकत राहिला. त्याच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

"पंजाब," तो म्हणाला, "तू मले हे मांगाले आला?"

पंजाबरावाला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. पण माघार घ्यायची तर तेवढीसुद्धा हिंमत उरली नव्हती. "एकच डाव, उदयसिंग. माह्या पोरीसाठी."

"मी नाही सांगत तिले," उदयसिंग म्हणाला. "माह्या तोंडून निघनार नाही ते. हे उभी हाये पोरगी. सांगाचं अशीन त तूच सांग."

पोरगी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलंच होतं. तरी पंजाबरावाला पुन्हा बोलावं लागलं. नातीच्या वयाच्या त्या मुलीपुढं त्या धिप्पाड म्हाताऱ्यानं हात जोडले. ती चिडली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं एकदा उस्तादाकडं पाहिलं. उदयसिंगानं नजर वळवली. मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "बरं काका. कोन्त्या डावावर पडू?"

हे विचारील असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आयुष्यभर ठरवून न पडलेल्या माणसाला आता दुसऱ्याच्या पोरीला पडायचं कसं ते सांगायचं होतं. "ढाकेवर," तो पुटपुटला. "पौर्णी ढाक लावते चांगली." एवढं बोलून तो उठला. चहा तसाच राहिला.

जत्रेचा दिवस उजाडला. गावाबाहेरचं वावर नांगरून, ढेकळं फोडून भुसभुशीत केलं होतं. भोवती दोर, दोराबाहेर माणसांची झुंबड. डफडं वाजत होतं. बायांच्या घोळक्यात दुर्गाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. पौर्णिमा आदल्या दिवशी आली होती, पण घरात फारसं बोलली नव्हती. आज तिनं तोंड रंगवलं नव्हतं, चमकदार कपडेही घातले नव्हते. कमिटीवाल्यानं भोंग्यावर "चार-चार किताबांची मानकरी" म्हणून पुकारलं तेव्हा तिनं जमिनीकडं पाहिलं.

दोघींनी माती उचलली, हात मिळवले. जरा झोंबाझोंबी झाली. पौर्णिमानं मानेवर हात टाकला, वळली, ढाक लावली. ज्योत्स्ना वरून गेली आणि धपकन पाठीवर आली. चीत! पंचानं शिट्टी मारली. टोप्या उडाल्या, डफडेवाला नाचायला लागला, कोणी तरी पंजाबरावाला मागून मिठी मारली. "वा रे वाघिनी!" गणेशसुद्धा टाळ्या वाजवत होता.

पण पौर्णिमा उठली नाही. गुडघ्यावर तशीच बसून ती ज्योत्स्नाकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि त्या सगळ्या गर्दीतून थेट बापाकडं पाहिलं.

पंजाबरावाला तेव्हा कुठं उमगलं. अरे, एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही! पंचांना फसवता येईल, गावाला फसवता येईल. पण ठरवून पडणारं अंग हाताखाली कसं लागतं, हे त्या अख्ख्या मैदानात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तिचं पोट त्याच कामावर भरत होतं.

ती चालत त्याच्याजवळ आली. लोकांना वाटलं, पोरगी बापाच्या पाया पडते. ती वाकलीही. वाकल्या वाकल्या हळू आवाजात म्हणाली, "तिनं सोताहून अंग देल्लं, बाबा. कोनं सांगतलं तिले?"

तो खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक सरळ करायला लागला.

"तुमी सांगतलं?"

त्यानं मान डोलावली. लपवण्यासारखं आता राहिलंच काय होतं.

"मी हरायले आल्ती, बाबा," ती म्हणाली. "तुमचा फोन आला आन मले वाटलं, सुटली आता. तुमच्यासमोर, आईसमोर एकदाची खरी हरन, मंग काही सांगाचं कामच नाही पडनार. तेवढ्यासाठी आली होती मी. तुमी ते बी घेऊन घेतलं माह्याजवळून."

तो काही बोलायच्या आत ती वळली आणि पंचासमोर जाऊन उभी राहिली. "ही कुस्ती झाली नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "तिचा खांदा टेकला नाही. मले माहीत हाये ना, मी वरतं होती. पुन्हा लावा."

जिंकलेला पहिलवान असं म्हणताना कोणी पाहिला होता का? पंच एकमेकांची तोंडं बघू लागले. लोकांनी तर तिला डोक्यावरच घेतलं. "काय दिलदार पोट्टी हाये बापा! कोनाची? पंजाबरावाची!" प्रत्येक शाबासकी त्या म्हाताऱ्याच्या गालावर चपराक बसावी तशी बसत होती. उदयसिंग समोरच्या बाजूला उभा होता. त्याच्याकडं बघायची पंजाबरावाची छाती झाली नाही.

कुस्ती पुन्हा लागली. हात मिळवताना पौर्णिमा ज्योत्स्नाच्या कानाशी काही तरी बोलली. ज्योत्स्नाचा चेहराच पालटला, तिनं पाय रोवले. मग मात्र जुंपली. पौर्णिमा जीव तोडून लढली हो, उगाच नाही सांगत. दोनदा निसटली, एकदा तर तिनं ज्योत्स्नाला गुडघ्यावर आणलं, आणि पंजाबराव सगळं विसरून ओरडला, "पाय काढ पौर्णे, पाय!" पण तिचा दम संपत आला होता. ज्योत्स्नानं पायात शिरून पट काढला, तिला उचललं आणि जमिनीवर आणलं. दोन्ही खांदे टेकले. यावेळी तिचे हात आवाजासाठी आपटले नाहीत. नुसती पडली, धापा टाकत, आभाळाकडं बघत.

पंचानं ज्योत्स्नाचा हात वर केला. मग दोराजवळून गणेशचा आवाज आला, "म्या म्हनलं नव्हतं?" लोक हसले. बायांच्या घोळक्यात दुर्गाबाई उभी राहिली होती, तिला काय झालं तेच कळत नव्हतं. पंजाबरावाला या सगळ्याचीच भीती होती, आणि सगळं तसंच्या तसं घडलं. पण आता त्याला गणेशची लाज वाटत नव्हती.

गदा घ्यायच्या आधी ज्योत्स्ना थोरांच्या पाया पडत पडत त्याच्यापर्यंत आली. ती वाकली तसे त्यानं पाय मागं घेतले.

"नको माय," तो म्हणाला. "माह्या नको पडू."

ती गोंधळून उभी राहिली, मग उदयसिंगाकडं निघून गेली.

पौर्णिमा दोराखालून बाहेर आली. मानेपासून कमरेपर्यंत पाठ काळ्या मातीनं भरलेली. पंजाबरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि काही सुचेना म्हणून तिच्या पाठीवरची माती झटकायला हात पुढं केला.

तिनं त्याचा हात धरला. रागानं नाही, पण घट्ट.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "एवढी तरी माही हाये."