अणू थंड झाले त्या दिवशी

डहाणू रोड स्टेशनवर माझी जड बॅग सुनीलने, माझ्या धाकट्या भावाने, शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. आईने सुक्या बोंबलांचा डबा पिशव्यांत गुंडाळला होता, तरी वास येत होताच. "विमानात उघडू नको हां, बाय," बाबा म्हणाले. गाडी हलली तसा सुनील खिडकीशी धावत ओरडला, "मला पण बोलवून घे!"

मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत आले. इथे आम्ही प्रतिद्रव्याचे, म्हणजे अँटिमॅटरचे, अणू बनवतो. ते भांड्याच्या भिंतीला टेकले की संपलेच, म्हणून निर्वात नळीत चुंबकाने अडकवून ठेवायचे आणि लेझरने त्यांची धावपळ कमी करत न्यायची. त्यालाच थंड करणं म्हणतात. आमच्या गावी, झाईला, फोनवर हे सांगितलं की आई म्हणायची, "जेवलीस का ते सांग."

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. सुनील गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट समुद्रात पाकिस्तानच्या हद्दीत गेली आणि सगळ्यांना पकडून कराचीला नेलं. "सोडतात गं, सगळ्यांना सोडतात," बाबा मलाच समजावत होते.

आमचे अणू पहिल्यांदा नीट थंड झाले, त्या दिवशी ऑफिसात केक कापला. मी बाहेर येऊन घरी फोन लावला. "आई, जमलं!" एवढंच बोलले. ती जोरात ओरडली, "सुटला?"

"अणू, आई. आमचे अणू," मी म्हणाले. तिला कळलं. फोन तसाच चालू राहिला, पलीकडे मासे वाळवणाऱ्या बायकांचे आवाज येत होते.

पुढे काही खलाशी सुटून आले. त्यांतल्या तलासरीच्या एकाने सांगितलं, सुनील आजारी होता, त्याला दवाखान्यात नेलं, मग आम्हाला दिसला नाही. मी अर्ज केले, मेल पाठवले, दिल्लीपर्यंत जाऊन आले. बाबा त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वारले.

गेल्या वर्षी मी झाईला गेले. शेजारपाजारचे भेटायला आले आणि प्रत्येकाने तेच विचारलं, सुनीलचं काही कळलं का. निघायच्या सकाळी आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता येत नको जाऊ, बाय. तू आलीस की लोकांना वाटतं, तोही येईल. मला पण वाटतं."

त्यानंतर मी गेले नाही. इथे कुणी घर कुठे विचारलं, तर झाई सांगते. घरी कोण असतं, असं पुढे विचारलं, तर "आई" एवढंच सांगते.