माझ्या नावाची मूठ

माझ्या भावाने मी जिवंत असतानाच मला घरातून वजा केलं होतं.

आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

भाऊला जाऊन आज वर्ष झालं. त्याचा फोटो टाकतोय, पण आधी हे वाचा. नाहीतर खाली ‘राम-लक्ष्मणाची जोडी’ लिहाल आणि मला तोंड लपवायला जागा उरणार नाही.

नव्या मित्रांना माहीत नसेल, मी कबड्डी खेळायचो. नव्वदच्या दशकात, सुरतला, लिंबायतमध्ये. आम्ही दोघं भाऊ खानदेशातून लूमवर कामाला आलेलो.

माझी चढाई बघायला भाऊ शिफ्ट बदलून यायचा. शेजारी उभ्या अनोळखी माणसालाही सांगायचा, हा माझा धाकटा.

मग गुडघा गेला. टीम गेली.

गुजरातमध्ये दारूबंदी. पण पोटली, म्हणजे पिशवीतली गावठी, आमच्या गल्लीत दुधाआधी मिळायची. आधी दुखणं विसरायला प्यायलो. मग पिणं विसरायला प्यायलो.

भाऊने समजावलं, रागावला, एकदा माझ्यासमोर रडलासुद्धा. मी मान हलवायचो आणि संध्याकाळी परत तिथेच.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. आमचा नारळ आजीच्या सासूच्या वेळचा, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत तापीवर न्यायचं आणि नारळ परत घरी आणायचा.

त्या वर्षी वहिनीच्या डोक्यावर कानबाई होती. मी पिऊन पुढे नाचत होतो.

तोल गेला आणि वहिनीवरच पडलो.

कानबाई रस्त्यावर. नारळ गडगडत गटाराच्या कडेला.

वाजंत्री थांबली. मला कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. भाऊने नारळ उचलला, स्वतःच्या सदऱ्याने पुसला आणि वहिनीच्या डोक्यावर ठेवला.

मारलं असतं तर बरं झालं असतं. 

पुढच्या श्रावणात रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू काढायचे होते. आमच्या घरात रोटाचे गहू प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. तान्ह्या पोराचीही मूठ असते. मेलेल्याची फक्त नसते.

भाऊ एकेक नाव घेत सुपात मूठ टाकत होता. मी दारात उभा होतो. प्यायलेलोच.

माझं नाव आलं नाही.

मी निलाजरा. विचारलं, “भाऊ, मनी मूठ?”

त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, “मना भाऊले मी वळखस. हाऊ कोन शे, माले माहीत नही.”

मी जाऊन कबड्डीच्या ग्राऊंडवर बसलो. त्याला मनातल्या मनात नको नको ते बोललो. आज लिहितानाही लाज वाटते.

थोड्या वेळाने वहिनी आली. जिला मी पाडलं होतं, तीच. म्हणाली, “त्यासनी सोतानी मूठ बी नही लिधी.”

एवढंच बोलून ती गेली. माझ्याबरोबर भाऊने स्वतःलाही वजा केलं होतं.

मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन डोक्यावर पाणी ओतत राहिलो. उतरेपर्यंत. मग घरी जाऊन भाऊच्या पायाशी बसलो. माझी दारू सुटत नाही, मला कुठेतरी ने, म्हणालो.

कडोदऱ्याच्या बाजूला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरायची. दर रविवारी भाऊ मला सायकलवर डबलसीट घेऊन जायचा. मी आत, तो बाहेर ओट्यावर.

लोकांनी दोघांना तिथे पाहिलं. लिंबायतभर झालं, दोन्ही भाऊ पितात. ज्याने आयुष्यात सुपारी चघळली नाही, तो माझ्यापायी दारुडा ठरला. कारखान्यात त्याला हसायचे.

मी म्हटलं, त्यांना खरं सांग ना.

तो म्हणाला, “लोकेसनं ऱ्हाऊ दे. तू मझार जाय.” आणि मला आत पाठवलं.

मध्येच एकदा मी घसरलो. पलसाण्याला एका मिलमध्ये काम लागलं होतं, तिथल्या सोबत्यांबरोबर प्यायलो. भाऊला वासावरून कळलं असणार. तरी रविवारी सायकल घेऊन दारात उभा.

मागे बसून मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. सदरा घामाने चिकटलेला. त्या दिवसानंतर मी प्यायलो नाही.

पुढच्या श्रावणात भाऊने पहिलं नाव माझं घेतलं. पहिलं नाव मोठ्याचं असतं, मी तर धाकटा. तरी पहिली मूठ माझी.

लोक मला म्हणतात, तू जिंकलास. काय जिंकलो? सायकल तो चालवत होता. बदनामी त्याची झाली. मी नुसता मागे बसलो होतो.

गेल्या श्रावणात दुखवटा होता, कानबाई बसली नाही. आता श्रावण जवळ आलाय. घरात मोठा मीच, मुठी मी घ्यायच्या. भाऊचं नाव नसणार.

काल वहिनीला म्हटलं, यंदा माझीही मूठ घेत नाही. त्याने माझ्यासाठी केलं होतं, मीही करतो.

वहिनी गहू निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

“त्यासनी तुमले परत घरमा लिधं. आते तुम्ही सोताले बाहेर काढू नका.”

घेईन, भाऊ. लाजत घेईन, पण घेईन.

तुझ्या धाकट्याचा तुला नमस्कार.