मशीनच्या पोटातला बांगडा

गुंद गावच्या महाबळेश्वराला पूर्ण नावानं हाक मारणारी माणसं दोनच. एक देवळातला पुजारी आणि दुसरी त्याची बायको फुला, तीही रागावली तरच. बाकी गावाचा तो महाबळू. त्याची ख्याती अशी, की बिघडलेली वस्तू त्याच्या हातात गेली की दुरुस्त तरी होते, नाहीतर पुन्हा बिघडण्याच्या लायकीची राहत नाही. शेजारच्या वासूचा मिक्सर त्याच्या हातून परत आला तेव्हापासून चटणी भांड्यात कमी आणि आढ्याला जास्त लागते. वासू अजून वर बघूनच जेवतो. पण महाबळूच्या घरात मात्र आजवर परक्या मिस्त्रीचा पाना शिरलेला नाही. शेतातला पंप असो, फुलाची शिलाई मशीन असो, तो स्वतःच उघडतो, स्वतःच जोडतो आणि उरलेले स्क्रू डब्यात टाकून म्हणतो, "कंपनीवाले उगाच जादा लावतात."

अशा घरात भांडी धुण्याची मशीन आली ती लेकीमुळं. महाबळूच्या घरामागं दोन खोल्या आहेत. तिथं काळी नदीत होडीत बसून आरडाओरडा करायला येणारे शहरी पाहुणे उतरतात. ओरडून ओरडून त्यांना भूक फार लागते आणि एकेका माणसाला चार चार वाट्या लागतात. ती भांडी राखेनं घासून फुलाच्या हातांना भेगा पडल्या. लेक रक्षिता बेळगावात नोकरीला लागली, तिनं ते हात बघितले आणि मशीनच पाठवून दिली. मागच्या पडवीत ती बसवली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. म्हाताऱ्या पार्वतीअक्कानं दार उघडून आत डोकावून विचारलं, "बाई कुठं बसलीया आत?"

आता खरी गोष्ट. रक्षिताला नोकरी लागावी म्हणून फुला देवाला नवस बोलली होती, की पोरीचं काम झालं तर दोघं नवरा-बायको श्रावणभर मासळी खाणार नाहीत. बोलताना महाबळू मागंच उभा होता. त्यानं मान डोलावली होती. तेव्हा उन्हाळा होता आणि श्रावण लांब होता. लांबच्या श्रावणाला मान डोलवायला काय जातं?

श्रावण आला. पहिले काही दिवस महाबळूनं वरणभातावर काढले. त्याचं तोंड इतकं उतरलं की वासूनं विचारलं, "घरात कोण आजारी हाय काय?" मग नागपंचमीला फुला माहेरी, कुंभारवाड्याला गेली. त्याच सकाळी कारवारकडचा मासेवाला स्कूटरवरून भोंगा वाजवत आला आणि नेमका महाबळूच्या दाराशीच त्याला टोपली नीट बांधायची आठवण झाली. वर बर्फ, खाली बांगडे. बांगड्यांनी महाबळूकडं बघितलं. महाबळूनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

कालवण त्यानं स्वतः केलं. खोबरं वाटलं, मिरची वाटली आणि वरून मूठभर तिरफळं टाकली. रानातल्या या काळ्या टणक फळांचा वास नसेल तर बांगड्याचं कालवण म्हणजे नुसतं लाल पाणी. जेवला, बोटं चाटली आणि मग त्याला घाम फुटला. रोजचं उष्टं अंगणातल्या कुत्र्याला घालायची पद्धत. पण हा कुत्रा बांगड्याचं डोकं तोंडात धरून गावभर मिरवणूक काढणारा. दगडावर भांडी घासावीत तर राखेला वास लागणार. महाबळूची नजर पडवीतल्या मशीनवर गेली. दार लावलं की बंद. आतलं आतच. त्यानं काटे, तिरफळं, उरलेला रस्सा, सगळ्यांसकट ताट आणि टोप आत सारला आणि बटण दाबलं. त्याची समजूत अशी, की जी मशीन एवढी भांडी धुते ती चार काटे खाणार नाही?

मशीननं ते खाल्ले. पचवले नाहीत.

फुला परत आली आणि दुसऱ्या दिवशी मशीन नुसती घुमायला लागली. घुंऽऽ करी आणि थांबे. दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी साचलेलं. रक्षिताला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अजिबात हात लावू नका. सोमवारी दांडेलीहून माणूस येईल, तो उघडून बघेल."

उघडून बघेल! मिस्त्री आणि डॉक्टर सारखेच. पोटातून जे निघेल ते घरच्यांच्या नाकासमोर धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पडवीत मिस्त्री उभा, हातात बांगड्याचा काटा, समोर फुला. आणि नवस कुणासाठी? पोटच्या पोरीसाठी! म्हणजे सोमवारच्या आत मशीन आपण स्वतःच उघडायची आणि आतला पुरावा काढायचा, नाहीतर जन्मभर फुलाच्या तोंडून बांगडा ऐकायचा.

फुला आडवी येणार अशी त्याची खात्री होती. शिलाई मशीनचे उरलेले स्क्रू ती अजून विसरली नव्हती. पण फुलानंच त्याच्या हातातून फोन घेतला. "अगं, माणूस कशाला बोलावतीस? तुझे बाबा हाईत की. त्यांच्या हाताला गुण हाय."

महाबळू तिच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदा आपल्या हाताला गुण दिला! त्याची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटतंय काय असं वाटलं. तेवढ्या क्षणापुरता तो बांगडा विसरला.

काम त्यानं सकाळीच काढलं. आधी फुलाला म्हणाला, "तू हितं थांबू नगंस. करंटचं काम हाय."

"मी न्हाईच थांबणार," फुला म्हणाली. "निघालं काय आतनं, तर मला दाखवत बसू नगासा. तसंच उकिरड्यावर टाका."

किती समजूतदार बायको, महाबळूला वाटलं.

त्याला ठाऊक असलेला पंप म्हणजे शेतातला. तो थांबला की त्यातली हवा काढायची, वरून पाणी ओतायचं. तेव्हा त्यानं मशीनमध्ये कळशीभर पाणी ओतलं. आत आधीच तुंबलेलं होतं. ते सगळं त्याच्या पायावर आलं. मग शेतातल्या पंपाच्या नळीला तळाशी झडप असते, तसा फुटवॉल मशीनला कुठं आहे ते त्यानं शोधलं. नव्हताच. मग मागची नळी काढली आणि तोंड लावून जोरात फुंकली. नळीनंही उलट फुंकली. तुंबलेल्या रश्शाचा भपकारा त्याच्या तोंडात गेला आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरं वाटलं. तिरफळाचा वास अजून टिकून होता.

कुंपणापलीकडून वासूचं डोकं वर आलं. "महाबळूदादा, मशीन तुला आंघोळ घालाय लागली काय?"

"गप सुम्म बस तिकडं! मिक्सरमधली चटणी बघ जा."

"बघतोय की. मान वर करूनच बघतोय."

डोकं खाली गेलं. महाबळूनं मग शहाणपणा केला, जो आधी करायचा होता. प्लग काढला, खालचा जाळीचा ट्रे बाहेर घेतला, वाटीनं पाणी उपसलं. तळाला एक गोल गाळणी होती. ती फिरवली तशी निघून हातात आली आणि त्याच्यासमोर त्याचं पाप उघडं पडलं. काटे, फुगलेली तिरफळं, शेपटीचा तुकडा. त्यानं घाईघाईनं सगळं गोळा करून रुमालात बांधलं आणि रुमाल सदऱ्याच्या खिशात कोंबला. सुटलो! झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण पंप मोकळा नव्हता. गाळणीखालचं छोटं झाकण काढलं तर आतला पंखा हलेना. काहीतरी पात्यात घट्ट अडकलं होतं. महाबळूनं पकड घातली, ओढलं, शिव्या दिल्या, पुन्हा ओढलं. टक् करून बाहेर आलं.

खेकड्याची नांगी होती.

महाबळूनं ती उजेडात धरली. फिरवून बघितली. बांगड्याला नांगी नसते, एवढं त्याला नक्की माहीत होतं. आणि मग त्याच्या डोक्यात हळूहळू एकेक दिवा लागत गेला. नागपंचमीच्या दोन दिवस आधी आपण मोटारीची वायर आणायला जोयड्याला गेलो होतो. दिवसभर पाऊस होता. अशा पावसात शेताच्या बांधावर खेकडे, आपल्या कुर्ल्या, निघतात. आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा फुला म्हणाली होती, "मला भूक न्हाई, दुपारी जड झालं." वरणभातानं जड झालं!

म्हणजे हाताला गुणबिण काही नव्हता. फुगलेली छाती जागच्या जागी बसली. पण दुसऱ्याच क्षणी ती वेगळ्या हवेनं फुगली.

"फुले! ए फुले! हिकडं ये!"

फुला चहा घेऊन दारात आली, नांगी बघितली आणि एक पाऊल मागं गेली.

"हे काय?" महाबळूनं नांगी तिच्या नाकासमोर धरली, अगदी मिस्त्रीसारखी. "देवाला बोललीस, पोरीसाठी बोललीस! हितं मी वरणभात खाऊन वाळलो, आणि तू? लाज न्हाई वाटली? देव बघत न्हाई व्हय? एक महिना तोंड आवरलं न्हाई तुला!"

फुला खाली मान घालून उभी. महाबळूला असा दिवस आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होता. इथं तो थांबला असता तर जिंकला असता. पण जिंकणाऱ्याला थांबवतं कोण? "नवस म्हणजे खेळ न्हवं!" असं म्हणून त्यानं कपाळाचा घाम पुसायला झोकात खिशातला रुमाल काढला आणि झटकला.

बांगड्याचे काटे चहात पडले. तिरफळं पडवीभर टणाटण उड्या मारत गेली. एक फुलाच्या पायाशी थांबलं.

फुलानं वाकून ते उचललं, हुंगलं. मग मान वर केली.

"महाबळेश्वर," ती म्हणाली. पूर्ण नावानं.

"अगं, एकदाच... तो मासेवाला दारातच थांबला..."

"बांगडा न्हवं का?"

"बांगडा. पण तुझी कुर्ली?"

"कुर्ली मासळी न्हवं." फुलानं चहा खाली ठेवला आणि पदर खोचला. "नवस मी बोलले. तोंड माझं, शब्द माझा. मी देवाला मासळी म्हटलं. मासळी पोहते, कुर्ली चालते. बांधावरनं चालत आपल्या दारात आली ती. दारात आलेल्याला उपाशी परत लावायचं?"

"उपाशी? तू तिला खाल्लीस की!"

"मग? मासळी न्हाई खाल्ली."

"माझा बांगडा पण पोहत नव्हता," महाबळू शेवटचं हत्यार काढून म्हणाला. "बर्फावर निजला हुता."

फुलानं त्याच्याकडं असं बघितलं की ते हत्यार त्यानं परत ठेवलं. पण एक काटा घशात होताच. "कुर्ली चालते तर मग लपवून का खाल्लीस?"

"तुमाला वाटा द्यावा लागला असता म्हणून."

महाबळूनं पकड उचलली आणि पुन्हा मशीनकडं वळला.

गाळणी, झाकण, ट्रे सगळं जागच्या जागी बसलं, एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबलं आणि मशीननं गडगड करत सगळं पाणी परसात ओतलं. महाबळूच्या आयुष्यातली ही सगळ्यात स्वच्छ दुरुस्ती. पण शिक्षा ठरली होती. श्रावण सरेपर्यंत भांडी महाबळूनं घासायची. मशीनमध्ये नाही. परसातल्या दगडावर, राखेनं. मशीन कपड्यानं झाकून ठेवायची. फुला एवढंच म्हणाली, "देवाला वाटलं पायजे, कुणीतरी कायतरी सोसलं." आणि मग जरा नरमून, "उद्या बांधावर जावा. चार कुर्ल्या बघा. दोघांना पुरतील एवढ्या."

दुसऱ्या दुपारी महाबळू दगडावर बसून कुर्लीच्या कालवणाचा टोप घासत होता. पोट भरलेलं, कोपरापर्यंत राख. कुंपणावर वासूचं डोकं उगवलं. त्यानं महाबळूकडं बघितलं, मग पडवीत झाकून ठेवलेल्या मशीनकडं. चेहरा असा खुलला की मिक्सरचं सगळं व्याज त्यात वसूल झालं.

"दादा! मेली व्हय मशीन? तुझ्या हातनं मेली?"

महाबळूचा हात थांबला. मशीन ठणठणीत आहे म्हणावं, तर मग दगडावर का बसलास, हा पुढचा प्रश्न आणि त्याच्यामागं बांगडा. गप्प राहावं, तर उद्या नंदिगड्ड्यापर्यंत बातमी, की महाबळूनं मशीनचं मढं केलं. आतून फुलाच्या बांगड्यांचा आवाज थांबला. तीही कान देऊन उभी होती.

महाबळूनं मूठभर राख घेतली, टोप पालथा केला आणि शांतपणे घासायला लागला.

"मशीन चांगली हाय वासू," तो म्हणाला. "पण आमच्या घरात राहायचं म्हणजे तिनं बी श्रावण पाळाय पायजे की."