खाटेखालच्या स्प्रिंगा

वर्षाराणी पुण्याच्या एका कंपनीत माळावर, ओढ्यात, नांगरटीत चालणाऱ्या जाड चाकांच्या गाड्यांचं सस्पेन्शन डिझाइन करते. गावाकडं, माकणीत, कुणी विचारलं की उलट प्रश्न येतो, "मंजी गाडीखालचे पाटे बसवतीस व्हय?" ती हो म्हणते.

यंदा तिच्या वडिलांचा, गुंडाप्पांचा, कर्करोग हाडांत उतरला. दर आठवड्याला दवाखाना. शेतवस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट दगडाधोंड्यांची, त्यामुळे रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबायची. तिथवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेताना ते ओरडायचे.

वर्षाराणी रजा काढून आली. कॉलेजात असताना तिनं बांधलेली उघडी गाडी गोठ्यामागं होती. भाऊ शिवशरण तिच्यातून कडबा आणायचा, त्यासाठी त्यानं कडक स्प्रिंगा घातल्या होत्या.

"मजबूत हायत की," तो म्हणाला.

"म्हणूनच नकोत. हलक्या माणसाखाली त्या दबतच न्हाईत. दगडाचा दणका सरळ हाडात जातो."

तिनं गाडीवर खाट बसवली आणि खाटेखाली आप्पांच्या वजनाला बेतलेल्या मऊ स्प्रिंगा. पहिल्या खेपेला आप्पा वाटेतच झोपी गेले. आईनं, सिताबाईनं, गाडीला कुंकू लावलं.

वजन उतरलं की स्प्रिंगा बदलायला लागणार, म्हणून दर खेपेआधी ती आप्पांना सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावर बसवायची.

"साखर कारखान्यावाणी काटा मारून वजन कमी दावू नको लेकी," घोंगडी पांघरून बसलेले आप्पा म्हणायचे.

आतून आई विचारायची, "काय भरलं गं?"

"बावन्न."

"मागल्या खेपेला बी बावन्नच. मंजी उतरलं न्हाय." आणि ती जेवायला बसायची.

पण आप्पा पुन्हा कण्हायला लागले. ओठ दातांखाली धरून, डोळे मिटून. वर्षाराणीनं सगळं खोलून पाहिलं, पुन्हा बसवलं. काही चुकलेलं सापडेना.

"तुझं पुण्याचं गणित हितं चालंना," शिवशरण म्हणाला.

पुढच्या खेपेला काट्यावरून उचलताना आप्पा तिच्या हातांना फारच हलके लागले. घोंगडीतून काहीतरी खणकन पडलं. जुन्या तराजूची, पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं. ती काट्याशेजारीच ठेवलेली असायची.

"काटा मारला व्हय, आप्पा?"

"हळू बोल. आकडा ऐकला की ती दोन घास खाती."

"आणि तुमची हाडं?"

"ती माझी हायत. म्या बघतो."

"काय भरलं गं?" आतून आवाज आला.

वर्षाराणीनं आप्पांना पुन्हा काट्यावर टेकवलं, बेचाळीसचा आकडा पाहिला, आप्पांकडं पाहिलं.

"बावन्न, आई."

आत ताटाचा आवाज झाला.

बेचाळीस किलोला बसतील इतक्या मऊ स्प्रिंगा तिच्याकडं नव्हत्या. तिनं ती दोन्ही वजनं खाटेच्या चौकटीला, दोन बाजूंना, तारेनं आवळून बांधली. आप्पांना निजवल्यावर खाट बसायला हवी तेवढी खाली बसली. आई दारात उभी होती.

"हे कशाला?"

"खाट उसळू नये म्हणून."

आईनं वाकून त्या वजनांवरून हात फिरवला. त्या दिवशी आप्पा वाटेत कण्हले नाहीत.

पुढच्या आठवड्यात वर्षाराणी गाडीशी गेली तेव्हा खाटेवर तिसरं वजन होतं, दोन किलोचं. आईच्या पदरानं पुसल्यासारखं, धूळ नसलेलं. तिनं तार घेतली आणि तेही बांधलं. मग आप्पांना काट्यावर बसवलं.

"काय भरलं गं?" आईनं आतून विचारलं.